आवाज तुमच्या लेकाचा असंल

यात मी कुणाचंच नाव घेणार नाही. भावाचं नाही, वडलांचं नाही, वाडीचं नाही, आणि ज्या देशाशी त्या दिवसांत आपली चकमक पेटली होती त्याचंही नाही. त्या देशाचं नाव मी माइकवर इतक्या वेळा घेतलंय की आता नको वाटतं. वाडीत सगळे त्यांना नुसतं 'तिकडले' म्हणतात. मीही तेच म्हणेन.

मी एका सरकारी रेडिओ केंद्रावर बातम्या वाचायचे. कायमची नव्हते, हंगामी होते, पण बरीच वर्षं होते. केंद्र कुठलं ते विचारू नका, आमच्या जिल्ह्यात स्वच्छ ऐकू येतं एवढं पुरे. आमचं घर आष्टी तालुक्यातलं, मेंढपाळाचं. आई गेली तेव्हा मी चौदा वर्षांची होते अन् भाऊ चार वर्षांचा. त्याला मीच न्हाऊ घातलं, मीच शाळेत घातलं, अंगणवाडीतून पळून आला की मीच पाठीत धपाटे घातले. मोठा झाला आणि फौजेत गेला. जाताना मला म्हणाला, "आक्का, आता तू मारू न्हाई शकत. आता मी सरकारी माणूस हाय." मी तरी एक धपाटा घातलाच.

आमच्या वडलांना आम्ही आप्पा म्हणतो. दिवाळी झाली की ते मेंढरं घेऊन बाहेर पडायचे ते आखाडाच्या तोंडावर परत यायचे. बिऱ्हाड घोड्यावर, आणि बिऱ्हाडाच्या गाठोड्याला पट्ट्यानं अडकवलेला रेडिओ. उन्हाळ्यात परळीकडच्या काळ्या रानात शेतकरी मेंढरं बसवून घेतात, लेंडीखतासाठी. आप्पांची जागा ठरलेली, सिरसाळ्याच्या अलीकडं एका शेतकऱ्याच्या रानात. तिथं बसून ते सकाळी माझ्या बातम्या ऐकायचे आणि दिवस कलला की काटा फिरवून तिकडल्यांच्या. मोकळ्या माळावर त्या वेळेला तिकडचं स्टेशन खरखर करत का होईना, पण लागतं. भाषेची अडचण नाही. आप्पांचं सगळं आयुष्य बीडच्या अन् परळीच्या बाजारात बकरी विकण्यात गेलं, खाटकांशी दखनी उर्दूत घासाघीस करण्यात गेलं. तिकडली बाई काय बोलते ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळायचं.

चकमक सुरू झाली तशी त्यांना चेव आला. रोज फोन.

"काय गं, तिकडल्यांनी आज आपली लई इमानं पाडली म्हणं. तुमी किती पाडली?"

"आप्पा, बातम्यांची चेष्टा करू नका."

"चेष्टा कुठं? नुसतं इचारतो. तू म्हणतीस आपलं काई नुकसान न्हाई. ती बाई म्हणती त्यांचं काई नुकसान न्हाई. मंग एवढ्या तोफा हाणायलेत त्या कुठं पडायल्यात, बाभळीवर?"

मी चिडायचे. माझा स्वभावच तसा आहे, पटकन भडकते. "तुमच्या पोरीची भाकरी हाय ती," असं म्हणून फोन ठेवायचे. खरं तर ते बोलायचे त्यात खोटं काय होतं? वरून मजकूर यायचा, आम्ही त्याचं मराठी करायचो. 'शत्रूचा हल्ला निर्धाराने परतवून लावला. आपल्या बाजूला कोणतीही हानी नाही.' रोज तेच. मी कामावर असताना तिकडल्यांचं बातमीपत्रही ऐकायचे, सवयीनं. वाचणारी बाई माझ्याच वयाची वाटायची. तिची वाक्यंसुद्धा आमचीच होती, फक्त 'आपण' आणि 'शत्रू' यांची जागा बदललेली. 'कोणतीही हानी नाही' म्हणताना ती आवाज जरा खाली घ्यायची. मीही घ्यायचे. तसं शिकवलेलंच असतं, खात्रीनं बोलायचं तर आवाज चढवायचा नाही.

भाऊ तेव्हा सीमेवरच होता. त्याचा फोन बंद होता, पण त्या दिवसांत तिकडं असलेल्या सगळ्यांचेच फोन बंद होते. मी घाबरले नव्हते. आज याचंच मला सगळ्यात नवल वाटतं. मजकूर कसा तयार होतो ते मला ठाऊक होतं. एखादी चौकी गेली तरी 'हानी नाही' म्हणतात हेही ठाऊक होतं. तरी सकाळी ते वाक्य वाचलं की माझ्याच जिवाला थंड वाटायचं. दुसऱ्यांना सांगायला घेतलेलं मीच आधी गिळत होते.

एके दिवशी दुपारी वरून एक पानभर सूचना आली. तिकडले लोक सैनिकांच्या घरी फोन करतात, आपण फौजेतले अधिकारी किंवा दवाखान्यातले डॉक्टर आहोत असं सांगतात, माहिती काढून घेतात आणि घाबरवतात. इतकंच नाही, यंत्रावर सैनिकाचा आवाज हुबेहूब काढून ऐकवतात. आमचे साहेब पान घेऊन माझ्या टेबलापाशी आले. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "बाई, हे वाड्या-तांड्यांवर पोचलं पाहिजे. पुस्तकी नको. तुमच्या घरी बोलता तसं लिहा."

मी लिहिलं. लई मन लावून लिहिलं. समोर आप्पा बसलेत, असं धरून लिहिलं. 'मायबापहो, फोन वाजंल. समोरचा म्हणंल, तुमचा लेक दवाखान्यात हाय. ऐकू नका. लेकाचा आवाज बी ऐकवतील. आवाज तुमच्या लेकाचा असंल, पण बोलणारा तुमचा लेक न्हाई. फोन ठेवून द्या.' साहेबांनी वाचलं आणि मान हलवत राहिले. "हे काळजाला भिडतं," म्हणाले. मी हुरळून गेले. इतकी वर्षं दुसऱ्याची वाक्यं वाचली, हे पहिलं वाक्य माझं होतं.

मूळ पानाच्या शेवटी आणखी दोन ओळी होत्या. असा फोन आल्यास घाबरून जाऊ नये, नंबर लिहून घ्यावा, आणि जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा तहसिलात खात्री करून घ्यावी. पण वाचून पाहिलं तर वेळ थोडी जास्त होत होती. पुढं गाणं लावायचं होतं, देशभक्तीचं, आणि ते पूर्ण वाजलं पाहिजे असा आदेश होता. साहेब म्हणाले, कुठंतरी काट मारा. मी शेवटच्या दोन ओळींवर काट मारली. मलाही वाटलं, 'फोन ठेवून द्या' यावर संपलं की ठसतं. कुणी माझा हात धरून ते करवून घेतलं नाही. पेन माझा होता आणि अक्कलही माझीच होती.

दिवसातून किती तरी वेळा ते वाजायचं. दुसऱ्याच दिवशी आप्पांचा फोन आला. मी म्हटलं, आता चेष्टा करतील. पण त्यांचा आवाज वेगळाच होता.

"ऐकलं गं बाई. तुझी माय बोलायची तसं बोललीस. पहिल्यांदा वाटलं, रेडिओ आपल्याशी बोलायलाय."

त्या दिवसापासून त्यांनी संध्याकाळी तिकडलं स्टेशन लावणं बंद केलं. आयुष्यभर दोन्हीकडच्या बातम्यांना हसणारा माणूस. त्याला कुणी गप्प करू शकलं नव्हतं, ते मी केलं.

दोन दिवसांनी सकाळी मी केंद्रावर निघाले होते, तेवढ्यात त्यांचा फोन आला.

"तू म्हणत व्हतीस तसाच फोन आलता. हिंदीत बोलत होता. म्हणं, तुमचा लेक जखमी हाय, दवाखान्यात हाय, त्याला बोलायचंय."

मी चपला घालताना क्षणभर थांबले. खोटं कशाला बोलू, थांबले. मग मी विचारलं, "तुमी काय म्हणलात?"

"म्हणलं, चल हट. अन् ठेवला." मग म्हणाले, "पण पोरी, खरं असंल तर?"

हा प्रश्न त्यांनी मला विचारला होता. आजही मी भाकरी थापत असले, बसमध्ये असले, कुठंही असले तरी हा प्रश्न ऐकू येतो. पण खरं असंल तर? नंबर मागितला असता तर संपलं असतं. एक फोन लावला असता. मी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "आप्पा, आपल्या बाजूला कुणाला काही झालेलं न्हाई. मी कालच वाचलंय. परत आला तर उचलू बी नका."

"बरं," म्हणाले.

पण परत आला आणि त्यांनी उचलला. बाप होता, राहवलं नसेल. त्याच संध्याकाळी, उजेड होता तोवर, त्यांचा पुन्हा फोन आला. दम लागला होता, पळत आल्यासारखा.

"आता तर त्यांनी त्याचाच आवाज काढला गं. म्हणला, आप्पा, मी हाय. घसा बसल्यावानी. म्हणला, आप्पा, ऐकू येतंय का. मी ओ देणारच व्हतो. मंग तुझं आठवलं. म्हणलं, भाड्या, माझ्या लेकाचा आवाज काढतोस व्हय? मपल्या लेकाला मी वळखत न्हाई व्हय? अशा शिव्या घातल्या, अशा घातल्या, का मेंढरं उठून उभी राहिली. अन् बंद करून टाकला फोन. सकाळपस्तोर चालूच न्हाई करणार."

"बरं केलं," मी म्हणाले.

एवढंच काय, दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रावर जाऊन मी ते कौतुकानं सांगितलं. साहेबांनी टेबलावर हात मारला. "बातमी आहे ही," म्हणाले. "नाव-गाव नको, पण घ्या." आणि मी घेतली. 'आपल्या जिल्ह्यातील एका सैनिकाच्या वृद्ध पित्याने शत्रूचा डाव ओळखून तो हाणून पाडला. यंत्राद्वारे काढलेल्या आपल्या मुलाच्या आवाजाला न भुलता त्यांनी शत्रूला सडेतोड उत्तर दिले.' माझ्याच तोंडानं वाचलं. आप्पांनी रानात ऐकलं. त्या शेतकऱ्याला हाक मारून बोलावलं म्हणे, अन् सांगितलं, हा बाप मीच. शेतकऱ्यानं त्यांना घरी नेऊन चहा पाजला.

ते ऊन चढायच्या आतलं. दुपारी त्याच रानात पोलिसांची जीप आली. भाऊ पहाटे गेला होता.

पुढचं सगळ्यांनी पाहिलंय, दर वेळी तसंच असतं. तिरंगा, बंदुकांची सलामी, शाळेतली पोरं उन्हात रांगेत, कॅमेरे, पुढाऱ्यांच्या गाड्या. आमच्या केंद्रावरून बातमी दुसऱ्या कुणी तरी वाचली. वीरमरण आलं, असं वाचलं. केव्हा जखमी झाला, किती दिवस पडून होता, काहीच नाही. आदल्या दिवसापर्यंत हानी नव्हती, त्या दिवशी एकदम वीरमरण होतं. एक माइकवाला आप्पांच्या तोंडाशी वाकून विचारत होता, तुम्हाला काय वाटतं, अभिमान वाटतो का? आप्पा त्याच्याकडं बघत राहिले. म्हणाले, "मेंढरं तिकडंच ऱ्हायली. कुणी पाणी पाजलं का न्हाई काय माहीत." ते काही कुठं लागलं नाही.

मी तोपर्यंतही पक्कं काही धरलं नव्हतं. मनात येत होतं, मी ढकलत होते. तिकडले फोन करतात हे खोटं नव्हतंच, दुसऱ्या जिल्ह्यांत कुणाकुणाला तसे फोन आले होते. आमचाही तसाच असेल. असूच शकतो. मी स्वतःलाच बातमीपत्र वाचून दाखवत होते.

तेराव्याला त्याच्याच तुकडीतला एक जवान आला, साताऱ्याकडचा. हाताला बँडेज, गळ्यात झोळी. तो आणि भाऊ एकाच गाडीतून दवाखान्यात नेलेले. त्यानं भावाचं घड्याळ आणि पाकीट आणलं होतं. मला बाजूला बोलावून दिलं, गोठ्याच्या मागं. आणि म्हणाला, "ताई, एक विचारू का? रागावू नका. त्या दिवशी आप्पांनी फोन का ठेवला?"

मी पाकीट उलटसुलट करत राहिले. तो सांगत राहिला. भावाचा मोबाईल जळाला होता. पाठ असलेला नंबर एकच, आप्पांचा, कारण ते सिमकार्ड त्यानंच घेऊन दिलं होतं. माझा नंबर त्याला आठवेना. डॉक्टरनं आधी फोन लावला तर आप्पांनी ठेवून दिला. मग त्याच संध्याकाळी भावानं नाकातोंडावरचा मास्क काढायला लावला. या जवानानं चांगल्या हातानं फोन त्याच्या कानाला धरला होता. पलीकडच्या शिव्या त्यालाही ऐकू येत होत्या.

"तो काय म्हणाला?" मी विचारलं.

"फोनकडं बघत राहिला. मग म्हणाला, आप्पा कावून चिडले? मी काय केलं? मी म्हटलं, परत लावू. लावला, तर बंद. रात्रभर बंद. तो मला दोनदा म्हणाला, माझं काही चुकलं असंल तर आक्काला विचार, तिला ठाऊक असतंय."

मी गोठ्याच्या कुडाला धरून खाली बसले. रडू आलं नाही.  त्या पोराला मी हात जोडले आणि म्हटलं, हे आप्पांना सांगू नकोस. तो म्हणाला, "ताई, मी कशाला सांगतोय." पण त्याची नजर माझ्यावरून हलत नव्हती. त्याला कारण हवं होतं, आणि मी ते दिलं नाही.

पंगत उठली तशी माणसं लिंबाखाली सावलीत टेकली. आप्पा मधे बसले होते, बोडक्या डोक्यानं. इतके दिवस ते पोराबद्दल बोललेच नव्हते. त्या दिवशी कुणी तरी विचारलं, शेवटचं बोलणं कधी झालं? आणि आप्पा बोलायला लागले. चकमक सुरू व्हायच्या आधी झालं, म्हणाले. मग सांगायला लागले की तिकडल्यांनी आपल्याला कसे दोन फोन केले, दुसऱ्यांदा पोराचा आवाज कसा काढला, आपण कसे फसलो नाही. "रेडिओवर बी सांगितलं," म्हणाले. माणसं माना हलवत होती. साताऱ्याकडच्या जवानानं हातातला चहाचा कप खाली ठेवला आणि जमिनीकडं बघत बसला.

आप्पांनी मला हाक मारली. "काय गं बाई, तिकडलेच होते ना ते?"

सगळे माझ्याकडं बघत होते. मी आवाज खाली घेतला, चढवला नाही.

"हो आप्पा. तिकडलेच होते."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, झालं, सुटलो दोघंही. हा माणूस आता हे घेऊन जगेल आणि मी ते दुसरं घेऊन जगेन. त्या महिन्यातच मी काम सोडलं, साहेबांना कारण सांगितलं नाही. आप्पांनी मेंढरं परत आणली. पुन्हा बाहेर पडायची वेळ आली तरी यंदा जायचं म्हणेनात.

परवा मी भाकरी घेऊन त्यांच्याकडं गेले होते. ते दारात बसले होते. ताटाला हात लावला नाही. इकडंतिकडं बघून, कुणी ऐकत नाही असं बघून, म्हणाले, "एक काम करशील का? तुझी तिथं वळख हाय अजून."

"काय?"

"त्या तिकडल्यांनी काढलेला आवाज. यंत्रावर काढला म्हणल्यावर कुठंतरी ठेवला असंल त्यांनी. तुमच्या रेडिओवाल्यांना मिळतो का बघ."

"कशाला, आप्पा?"

"खोटा हाय, मला ठाऊक हाय. पण आवाज त्याचाच होता गं. लई बारीक काढलता त्यांनी, श्वास सुद्धा त्याचाच. मी शिव्या देत बसलो, नीट ऐकलंच न्हाई." ते ताटाकडं बघत होते. "खोटा तर खोटा. एकडाव ऐकायचाय."

मी म्हटलं, बघते.